स्नेहाचं जॅकेट मी मुद्दाम चुकीचं निवडलं

मंडळी, आज दुपारी मी एक वाईट काम केलंय. इथे तुम्ही सगळे डोंगरात फिरणारे आहात, म्हणून तुम्हालाच सांगते.

स्नेहा माझी परळची मैत्रीण. गेल्या वर्षी मीच तिला आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये आणलं. आता रविवारच्या ट्रेकला सगळ्यांच्या पुढे चालायची जबाबदारी लीडरने तिला दिलीय. मी बारा वर्षं जातेय, मला कधी कोणी विचारलं नाही.

आज तिला पावसाळी जॅकेट घ्यायचं होतं म्हणून आम्ही दादरला गेलो. दुकानात तिने दोन जॅकेटं माझ्यापुढे धरली. "तुला यातलं कळतं. कुठलं घेऊ?"

निळ्यातून पाणी आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. लाल नुसतंच रबरी, चढावर माणसाला आतूनच भिजवणारं.

मी म्हटलं, "लाल घे. तुला उठून पण दिसतंय."

तिने लगेच घेतलं. वर मला म्हणाली, "बरं झालं तू होतीस, नाहीतर मी फसले असते."

लालबागला घरी येऊन तासभर नुसती बसून होते. मग तिला फोन करून खरं सांगितलं. का केलं तेही सांगितलं.

ती एवढंच म्हणाली, "उद्या बदलून आणते. मी एकटीच जाईन."

माझं जळणं अजून गेलेलं नाही, त्यात आता लाजही वाटतेय. रविवारी मला तिच्या मागून चालायचंय. माझ्या जागी तुम्ही असता तर गेला असता का?