काशीरामचं गाऱ्हाणं

काशीराम परब मला ‘बीए’ म्हणायचा. घाटकोपरला भटवाडीतल्या आमच्या चाळीत मराठी घेऊन बी.ए. झालेला मी एकटाच. त्याचा काही उपयोग नाही, हेही चाळीत सगळ्यांना कळलेलं होतं.

“काय रे बीए, लागली नोकरी?”

“नाही काशीभाऊ.”

“मग बस. माझी गेली तेव्हा मीपण इथंच बसायचो.”

तो चाळिशीचा, मी बाविशीचा. जिन्याच्या पायरीवर बसून दोस्ती झाली. परळच्या गिरणीत त्याने पुष्कळ वर्षं माग चालवले. ब्याऐंशीला संप झाला आणि मागाशी पुन्हा उभं राहायची वेळ आलीच नाही. आता तो विद्याविहारला कागदाच्या गोदामावर वॉचमन होता. हातात काठी असायची. तिचं काय करायचं ते त्याला कधी समजलं नाही.

घरात बायको जानकी आणि नऊ वर्षांची कमल. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात जानकीला कावीळ झाली. झाडपाल्याच्या औषधासाठी ती कुडाळकडच्या गावी गेली. कमलची परीक्षा होती, म्हणून ती इथेच राहिली. मग तार आली आणि काशीराम पोरीला माझ्या आईच्या हवाली करून गावी गेला. परतला तेव्हा डोकं भादरलेलं.

“हे काय रे?” आईने विचारलं.

“नवस होता वहिनी. जानकीला उतार आहे. पण अशक्तपणा फार. राहील तिकडेच थोडे दिवस.”

चाळ त्याच्या टकलावर हसली. तोही हसला. येताना त्याने कोकमाची सोलं आणली होती. जानकीने पाठवली म्हणून घरोघर वाटली. पुढेही दर महिन्या-दोन महिन्यांनी, कोणीतरी गाववाला आला होता म्हणून, सोलं, कुळीथ असं काहीबाही द्यायचा. आई म्हणायची, “जानकीच्या हातची सोलं. आमटीला कशी चव येते बघ.”

आमच्या चाळीत सगळे रत्नागिरीकडचे. कुडाळचा तो एकटा. त्याच्या गाववाल्यांची खोली लालबागला होती. पूर्वी तो दर रविवारी जायचा. त्या उन्हाळ्यानंतर गेला नाही.

शाळा सुरू झाली आणि कमल बोलायची थांबली. शाळेत नाही, चाळीत नाही. मुकी नव्हती ती. आमच्या आणि त्यांच्या खोलीत लाकडी पार्टिशन होतं. संध्याकाळी पलीकडे दिवा लागला की काशीराम गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालायचा. गाऱ्हाण्याची रीत अशी, की घरचा कर्ता एकटा बोलतो आणि बाकीच्यांनी फक्त होकार द्यायचा.

“बा देवा रवळनाथा, ह्या लेकराक सांभाळ, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” हा कमलचा आवाज.

“हिच्या आयेक बरी कर. बरी होवन घराक येवंदे, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

दिवसभरात तिच्या तोंडून निघणारे शब्द तेवढेच.

शाळेच्या मोठ्या बाईंनी काशीरामला बोलावलं. म्हणाल्या, महापालिकेच्या इस्पितळात मंगळवारी मुलांशी बोलणाऱ्या बाई बसतात, तिथे दाखवा. नाहीतर आईजवळ पाठवा गावी, आईची आठवण काढत असेल.

तो माझ्याकडे आला. “घरातल्या सगळ्यांना घेऊन या म्हणतात तिथे.”

“मग?”

“मग काय, तू चल. तू घरातलाच ना रे?”

मी हो म्हटलं. चाळीत एवढी माणसं होती आणि त्याच्या घरातला मी होतो. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं.

इस्पितळात बाकावर बसलो. काशीरामने कमलला सणाचा फ्रॉक घातला होता. त्याच्या पिशवीत नारळ होता.

“नारळ कशाला काशीभाऊ?”

“रिकाम्या हाताने गाऱ्हाणं घालतात होय रे?”

आतल्या बाईंचं नाव शुभा. सुती साडी, मोठं कुंकू. कोपऱ्यात वाळूचं घमेलं आणि लाकडी भातुकली. काशीरामने टेबलावर नारळ ठेवला. बाईंनी तो परत केला नाही, बाजूलाही सारला नाही.

“मी काय करते ते आधी सांगते,” त्या म्हणाल्या. “इथे सुई नाही, गोळ्या नाहीत. आज मी तुम्हा सगळ्यांशी बोलेन. मग कमल इथे खेळेल. तिने बोललंच पाहिजे असं नाही. कधी तिला एकटीला भेटेन, कधी तुम्हाला. एका वेळेत काही होत नाही. बरेच मंगळवार यावं लागेल. आणि तुम्ही इथे बोलाल ते मी बाहेर नेणार नाही.”

“पण आजार काय तिचा?”

“ते मला अजून माहीत नाही.”

काशीरामने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंना माहीत नाही, हे त्याला पसंत पडलं नाही.

“घरात कोण कोण असतं?”

“तिघं,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “हा धरून चार.”

बाई कमलकडे वळल्या. नाव विचारलं. कमल गप्प. काशीराम अवघडला, उठला, टेबलावरच्या नारळासमोर हात जोडून उभा राहिला आणि बाईंच्या देखत त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. लेकराक सांभाळ. आयेक बरी कर.

“व्हय म्हाराजा,” कमल म्हणाली.

शुभाबाई हसल्या नाहीत. कमलला थोडा वेळ वाळूत खेळू दिलं आणि एवढंच म्हणाल्या, “पुढच्या मंगळवारी या. नारळ इथेच असू दे.”

बाहेर आल्यावर काशीराम चिडला. “ही कसली बाई? काय सांगितलं नाय, काय दिलं नाय. पोर वाळूत खेळली. वाळूत खेळायला सुट्टी टाकू मी?”

पण पुढच्या मंगळवारी तो गेला. त्याच्या पुढच्याही. कमल वाळूत घर करायची, त्यात दोन बाहुल्या ठेवायची. एक मोठी, एक लहान. बाई विचारायच्या नाहीत. एकदा त्या काशीरामशी एकट्याशी बोलल्या. तो लवकर बाहेर आला. “घरचं विचारतात,” म्हणाला, “मी म्हटलं सगळं ठीक आहे.”

गणपती होऊन गेले. एका मंगळवारी बाईंनी आम्हा तिघांना एकत्र बसवलं. कपाटातून तोच नारळ काढला. आतलं पाणी सुकून खोबरं सुटलं होतं. हलवला की खुळखुळायचा.

“काशीराम, आज उलट करू या. गाऱ्हाणं कमल घालेल. व्हय तुम्ही म्हणायचं.”

“पोरीने घालायचं होय? अशी रीत नाय.”

“तिला नको वाटलं तर राहू दे.”

कमलने नारळ हातात घेतला. कानाशी नेऊन हलवला. बाहेर वॉर्डबॉय कोणाला तरी ओरडत होता. मग ती बोलली. आवाज बारीक, पण चाल हुबेहूब बापाची.

“बा देवा रवळनाथा. माझी आये मेली हा. बाबांका म्हायत आसा. माका पन म्हायत आसा. तिचा मंगळसूत्र ट्रंकेत आसा, मी बघलंय. आता बाबांका खोटा बोलाक लावू नको, रे म्हाराजा.”

मी काशीरामकडे पाहिलं. मला वाटलं तो आता हसेल, म्हणेल, काय येडी पोर. तो खाली बघत होता. वॉचमनची टोपी त्याच्या मांडीवर होती.

आता होकार त्याने द्यायचा होता. ती वाट बघत होती.

“व्हय,” तो म्हणाला. ‘म्हाराजा’ त्याच्याने म्हणवलं नाही.

मला एक एक गोष्ट दिसायला लागली. टक्कल. लालबाग. सोलं. ती सोलं त्याने इथेच घाटकोपरच्या बाजारात विकत घेतली असणार. घरी येऊन कागदात बांधली असणार. मग दारोदार फिरून बायकोची खुशाली सांगितली असणार. मी रोज त्याच्या शेजारी पायरीवर बसत होतो. साहित्य शिकलो होतो.

बाईंनी फक्त विचारलं, “का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर पोरीला नेली असती गावी,” तो म्हणाला. “माझी बहीण गावी टपूनच आहे, तिला कसंबसं थोपवलंय. चाळीतलेपण तेच बोलले असते. बाईमाणूस नाय, पोर कशी ठेवतोस? मग मी कोणासाठी दिवा लावू?”

चाळीत आल्यावर तो माझ्या आईसमोर उभा राहिला आणि चारचौघांत म्हणाला, “वहिनी, जानकी गेली. मे महिन्यातच.”

आईचा हात तोंडावर गेला. बायका जमल्या. थोडी रडारड झाली. मग, तो म्हणाला होता तेच झालं. आईच म्हणाली, “अरे मग पोर इथे कशाला ठेवलीस? बहिणीकडे पाठव. तू ड्युटीवर, ती एकटी. उद्या मोठी होईल.”

“बरोबर बोलते वहिनी,” कोणीतरी म्हणालं.

काशीराम काठीकडे बघत राहिला.

“मी नाय जाणार,” कमल म्हणाली.

चाळीने कित्येक महिन्यांत तिचा आवाज ऐकला नव्हता. तिने बापाचा हात धरला, त्याला खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. आई घरात आली. सोलांची बरणी उघडली, आत बघितलं आणि फळीवर मागे सरकवून ठेवली. आमच्या आमटीत मग चिंच यायला लागली.

दिवाळीत बहीण न्यायला आली होती. चार दिवस भांडली आणि एकटीच परत गेली. मंगळवार चालू आहेत. शाळेत कमल अजून फार बोलत नाही. बाई म्हणतात, घाई नको.

गाऱ्हाणं अजून रोज ऐकू येतं. एक दिवस तो घालतो, एक दिवस ती. लेकराक सांभाळ. व्हय म्हाराजा. पुढे आयेची ओळ होती. ती दोघांनी सोडून दिली आहे. पण तिच्याएवढी जागा दोघंही अजून ठेवतात. तेवढा वेळ पार्टिशनपलीकडून काहीच ऐकू येत नाही. मीही अलीकडच्या बाजूला भांडं वाजवत नाही.