‘येतो’ची पोच

मनीषनगरच्या आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारा दोन आणि नवऱ्याचे अँटेना तीन. त्यातला सर्वांत उंच अँटेना पाहून शेजारीण एकदा घाबरून म्हणाली होती, “वीज पडली तं आमच्या टीव्हीचं काय होईन वं?” मी म्हटलं, बाई, वीज पडली तर आधी माझं काय होईल ते तरी विचार.

नवरा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. हिंगण्याच्या एका कारखान्यात देखभालीच्या कामावर होता, आता निवृत्त आहे. ही हौस नोकरीच्याही आधीची. सरकारी परीक्षा द्यायची, लायसन्स मिळवायचं, आपल्या नावाऐवजी अक्षरं-आकड्यांचा एक कॉलसाइन घ्यायचा आणि मग जगभरच्या तशाच लोकांशी बोलत बसायचं. यातून दमडी मिळत नाही, उलट जाते. हौसेला मोल नाही म्हणतात, ते मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून पाहते आहे. तेव्हा मी त्या सेटला सरळ सवत म्हणायचे.

सवतीशी माझी गट्टी जमली ती नकाशामुळे. एका संध्याकाळी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर नागपूरचा नकाशा दिसत होता आणि हिंगणा रस्त्यावरून मोटारसायकलचं एक इवलंसं चित्र सरकत होतं. ते चित्र आमच्या गल्लीत शिरलं आणि खाली खरोखर गाडीचा आवाज आला. नवरा वर येऊन लहान मुलासारखा हसत म्हणाला, “दिसलो का मी?”

प्रकार असा की गाडीला बसवलेला छोटा रेडिओ आपली जागा स्वतःच ओळखतो आणि थोड्या थोड्या वेळानं हवेत सांगतो, मी इथे आहे. ऐकायला गेलं तर कढईत मोहरी तडतडावी तेवढाच आवाज. पण तो आवाज दूरच्या एखाद्या गच्चीवरचा दुसरा डबा ऐकतो आणि जसाच्या तसा पुढे फेकतो. असं करत करत तो आमच्या घरी येतो. त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही की रिचार्ज लागत नाही.

आमच्या भागातला तो गच्चीवरचा डबा नवऱ्याच्या एका मित्राचा आहे. पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान चालवतो तो. विजेचं बिल त्याचं, बॅटरी त्याची, आणि मे महिन्यात नागपूरच्या उन्हात गच्चीवर चढून डब्याची तपासणी करतो तोही तोच. कोण कुठे चाललाय, कोणाचा काय निरोप आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. आला निरोप की पुढे द्यायचा. दुसऱ्याचं बोलणं न वाढवता, न बदलता पुढे देणारी माणसं मी माझ्या नात्यागोत्यात फार पाहिलेली नाहीत. त्या डब्याबद्दल आणि डबेवाल्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पुढे मीही परीक्षा दिली. मराठीची शिक्षिका, विजेशी संबंध फक्त बटण दाबण्यापुरता, तरी पास झाले. नवऱ्यानं पेढे वाटले आणि मला घरच्या सेटवर बसवलं. एकाच कॉलसाइनपुढे वेगवेगळे आकडे लावायची यांची रीत आहे. नवऱ्याची गाडी म्हणजे नऊ, हातातला सेट म्हणजे सात. त्यामुळे आमच्या घरात “नऊ निघाला” म्हटलं की गाडी निघाली, आणि “सात कुठंय?” म्हटलं की नवरा कुठंय.

यावर निरोपही धाडता येतात, पण सदुसष्ट अक्षरांचे, आणि तेही रोमन लिपीत. नवऱ्याला ही मर्यादा कधी जाचली नाही. एका वेळी सदुसष्ट अक्षरांपेक्षा जास्त तो लग्नाआधीही बोलला नव्हता. निरोप मिळाला की समोरचा सेट आपोआप उलट खूण पाठवतो. तिला इंग्रजीत काहीतरी म्हणतात, आम्ही तिला पोच म्हणतो. पोच आली नाही तर आपला सेट तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो आणि शेवटी हात टेकतो. मी म्हणायचे, सासूबाईंनी मुलाला पोच दिली नाही ती या यंत्राला कशी आली? त्यावर तो म्हणायचा, “पोच सेट देते वं, माणूस नाही. माणूस झोपला असला तरी येते.” हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं होतं.

दिवाळीनंतरचा दिवस होता. सावनेरच्या पलीकडे माझ्या दिराचं गाव आहे. दिराचा कापूस वेचणीला आला होता आणि नवरा त्याला भेटायला निघाला. सोबत एक डबाही घेतला, मित्राच्या गच्चीवर आहे तसलाच. गावापुढे जंगलाकडे एक टेकडी आहे. सावनेरच्या पुढे आमच्या नकाशावर अंधार असतो. त्या टेकडीवर डबा बसला की सगळं उजळणार, हे मी महिनाभर जेवताना ऐकत होते. पण चढायचं ते पुढच्या रविवारी, सगळ्यांनी मिळून, असं ठरलेलं. आज डबा फक्त दिराच्या घरी ठेवायचा होता. नवऱ्याच्या हृदयात स्टेंट आहे, म्हणून एकट्यानं टेकडीबिकडी चालणार नाही, हे मी दारातच बजावलं होतं.

“हो वं,” तो म्हणाला. “येतो.”

नऊ निघाला. सावनेरपर्यंत नकाशावर नीट सरकताना दिसला, मग गावापाशी एका उंचवट्यावरून कसाबसा एकदा उमटला. थोड्या वेळानं तिथूनच निरोप आला. एकच शब्द: YETO.

मी पोळ्यांची कणीक भिजवली. गावाहून निघाला म्हणजे जेवायला घरी. गाव ते सावनेर अंधारच, त्यामुळे मध्ये चित्र दिसलं नाही तरी मी घाबरले नाही. पण सावनेरला तरी उमटायला हवा होता. पोळ्या झाल्या, वरण थंड झालं, नऊ उमटला नाही. मी निरोप टाकला: KUTHE AHAT. पोच नाही. सेटनं पुन्हा पाठवला, पुन्हा पाठवला आणि हात टेकले. मोबाइल लावला तर तो कव्हरेजच्या बाहेर.

दिराला फोन केला. तो म्हणाला, “दादा तं ‘येतो’ म्हणून गेला ना वहिनी. आम्हीच त्याच्यासाठी जेवाचे थांबून राहिलो. तुमच्याकडं थेट आला का?”

म्हणजे दोन घरं ताटं मांडून बसली होती आणि माणूस एकाही घरी नव्हता. सावनेर रस्त्यावर कोळशाचे ट्रक कसे धावतात ते मला माहीत आहे. मी दुकानदार मित्राला फोन केला. तो समोरच्या गिऱ्हाइकाचा मिक्सर उघडा टाकून उठला. त्याच्या गाडीत ताकदीचा सेट आहे. “वहिनी, तुम्ही घरच्या सेटवरच बसा, मी रस्ता पाहत जातो,” एवढंच बोलून निघाला. मग मी नकाशावर त्याची गाडी सरकताना पाहत राहिले. ढाब्यांपाशी, पुलांपाशी ती थांबायची. थांबली की मी पडद्याला नाक लावायचे. पुढे सरकली की कळायचं, इथे नाही.

एव्हाना शेजारीण येऊन माझ्याजवळ बसली होती, तीच ती टीव्हीची काळजी करणारी. ती नुसता माझा हात धरून बसली. मित्र सावनेरवरून दिराच्या गावाच्या वेशीपर्यंत पोचला. फोन आला, “रस्त्यात काहीच नाही वहिनी. अपघात नाही, गाडी नाही. उलट फिरून एकदा दुसऱ्या बाजूनं पाहतो.”

उन्हं कलली होती. शेजारीण उठली, दारात चपला घालत म्हणाली, “येतो वं मी, कुकर लावून.”

आमच्याकडच्या बायका ‘येते’ म्हणत नाहीत, ‘येतो’च म्हणतात. ते सुधारण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे तिच्या तोंडचा तो शब्द नेहमीसारखाच कानाला टोचला, आणि टोचला म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. ती चालली होती. पाठ माझ्याकडे, पाय जिन्याकडे, आणि तोंडानं म्हणत होती, येतो.

मी खुर्चीतून उठलेच. आपल्यात घरातून निघताना जातो म्हणायची पद्धत नाही. जातो म्हणणं अशुभ. स्मशानाखेरीज कुठेही निघालं तरी येतो म्हणायचं. दिराच्या दारात नवरा येतो म्हणाला, तो निरोप घेताना. तेच त्यानं मला टाइप करून पाठवलं. तो येत नव्हता, तो पुढे चालला होता. डबा गाडीला, आभाळ स्वच्छ, टेकडी समोर, आणि बायको पन्नास किलोमीटर दूर. महिनाभर जेवताना टेकडी चघळणारा माणूस पुढच्या रविवारपर्यंत थांबला असता तरच नवल.

मी मित्राला फोन लावला. “भाऊ, परत फिरू नका. पुढे जा. टेकडीकडे. माझ्या दिराला सोबत घ्या, त्याला वाट माहीत आहे.”

“पण तो येतो म्हणाला ना?”

“तुम्ही दुकानातून निघताना गिऱ्हाइकाला काय म्हणालात?”

मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

गावापुढे मोबाइल चालत नाही. त्यानंतर माझ्याकडे उरला तो फक्त नकाशा. मित्रानं शहाणपणा असा केला की स्वतःच्या गाडीतल्या सेटलाच गच्चीवरच्या डब्यासारखं काम लावलं, जे कानावर येईल ते पुढे फेकायचं. चढावर गाडी उभी राहिली की ती माझ्या पडद्यावर दिसे. मी तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत होते. KUTHE AHAT. KUTHE AHAT. शेजारीण कुकर लावून खरोखरच परत आली होती आणि माझ्यामागे उभी होती.

आणि मग नऊ उमटला. टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या खोलगट भागात. जागचा हलत नव्हता. पाठोपाठ माझ्या निरोपाची पोच आली.

शेजारणीनं टाळी वाजवली. मी मात्र तिचा हात धरून तिला थांबवलं. पोच सेट देते, माणूस नाही. माणूस झोपला असला तरी येते. गाडी सापडली होती. नऊ सापडला होता. सात कुठे होता?

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पडद्याकडे पाहताना मी काय पुटपुटत होते ते शेजारीण आजही मला सांगत नाही. मग सेट किणकिणला. निरोप होता. पाठवणाऱ्याच्या कॉलसाइनपुढे आकडा होता सात.

RAGAVU NOKO.

रागावू नको. मी आयुष्यभर ‘नोको’वर लाल शाई मारली आहे. पण त्या दिवशी त्या ‘नोको’वर मी डोकं टेकवलं आणि हुंदके देऊन रडले. जगातलं कुठलंही यंत्र आपोआप असलं काही पाठवत नाही. हे फक्त माझा नवराच पाठवू शकतो, जिवंत आणि शुद्धीवर असलेला, आणि बायकोला घाबरलेला.

मुरमावर गाडी घसरून तो नाल्यात गेला होता. पाय गाडीखाली मोडलेला, हातातला सेट छातीशी धरलेला. खड्ड्यातून त्याचा आवाज कुणाला ऐकू जात नव्हता. पण सेट बिचारा इमानानं सांगत राहिला होता, मी इथे आहे, मी इथे आहे. दीर आणि मित्रानं त्याला उचलून आणलं. दवाखान्यात मी पहिलं वाक्य बोलले ते रागाचंच होतं, नाही कसं?

पाय जुळला. वाद मात्र अजून मिटलेला नाही. तो म्हणतो, “मी येतो म्हटलं, तं तू घरी येतो असं काहून समजली?” मी म्हणते, मराठीत येतो म्हणजे येतो. तो म्हणतो, “मंग दारात काहून म्हणाचं?” नेमकी तेव्हाच मला गॅसवरची भाजी आठवते. टेकडीवर डबा मात्र बसला. सगळ्यांनी मिळून बसवला, नवरा खाली खुर्चीवर बसून हुकूम सोडत होता. आता दिराचं गाव माझ्या नकाशावर लख्ख दिसतं.

मी नियम केला: रेडिओवर निघताना खरं तेच पाठवायचं. जात असाल तर जातो. तो कानावर हात ठेवून म्हणाला, असलं अभद्र मी नाही लिहिणार.

काठी सुटल्यावर तो पहिल्यांदा गाडी घेऊन एकटा निघाला, तेव्हा मी दारात हाताची घडी घालून उभी राहिले. त्यानं हेल्मेट घातलं, माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं.

“येतो,” म्हणाला आणि जिना उतरला.

मी तणतणत आत आले. खाली गाडी सुरू होण्याआधी सेट किणकिणला. पाठवणारा सात.

JATO.

मीच मागितला होता तो शब्द, तरी वाचवेना. ‘येतो’ म्हणून निघणाऱ्याला आपल्यात एकच उत्तर देतात. ते माझं दारात द्यायचं राहून गेलं होतं. मी दोन अक्षरं टाइप केली: YA.

पोच लगेच आली. पाठोपाठ खालून हॉर्नही वाजला.