दस्तगीर पेंटर, मिरज

दुपारच्या चहाला अजून अर्धा तास आहे. प्रदर्शनाच्या दालनामागच्या लहान खोलीत वैजयंती कोरे खुर्चीत मान मागे टाकून बसली आहे. डोळे मिटलेत, पण संताप काही निवत नाही. बाहेर आंतरराष्ट्रीय पोस्टर स्पर्धेतली निवडक दीडशे पोस्टरं टांगली आहेत, एकेचाळीस देशांतली. आणि त्यातल्या सुवर्णपदक मिळालेल्या पोस्टरवर तिच्या उस्तादांची अक्षरं आहेत.

'पाणी' हा एकच शब्द. निळा, जाडजूड, वेलांटी घोड्याच्या मानेसारखी ताठ वळलेली. मिरजेत टाकीखालच्या भिंतीवर दस्तगीर बागवानांनी 'पाणी जपून वापरा' असं रंगवलं, तेव्हा त्या अक्षरांत निळा रंग भरणारा दुसरा हात वैजयंतीचा होता. कुणा परदेशी डिझायनरनं फिरताफिरता त्या भिंतीचा फोटो काढला, पहिला शब्द ठेवला आणि कोपऱ्यातली सही छाटून टाकली. पोस्टरखालच्या पाटीवर लिहिलंय, 'अक्षरं : भारतातला एक अनाम भिंत-कलाकार.'

काल तिनं संयोजक परचुऱ्यांना गाठून हे सांगितलं होतं.

"अहो मॅडम, अनाम आहे यातच तर गंमत आहे," ते हसत म्हणाले होते. "परीक्षकांना नेमकं तेच भावलं. आणि पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून तुमचं नाव चाललंय, तेवढं लक्षात असू द्या."

आज त्याच पोस्टरचं मानपत्र तिनं वाचायचंय. ती "बरं" म्हणून आली होती. त्या "बरं"चाच तिला जास्त राग येतोय.

पंख्याची घरघर लांब जाते. कुठूनसा टर्पेंटाइनचा वास येतो.

समोर दस्तगीरचाचा उभे आहेत. चार वर्षांपूर्वी गेले ते. बाह्या दुमडलेला सदरा, कानावर ब्रश. वैजयंतीला नवल वाटत नाही. खोलीची भिंत सरकत सरकत टाकीची भिंत झाली आहे, वरून थेंब गळतोय, पायाखाली मात्र दालनाचा राखाडी गालिचा तसाच आहे.

"चाचा, तुमची अक्षरं पहिली आली," ती म्हणते.

"बघितली. लांबनं बघितली, जवळनं बघितली." टाकीच्या भिंतीवर आता पोस्टरखालची पाटी आहे, ते तिच्यावर बोट ठेवतात. "ह्ये अनाम म्हंजे कोण?"

ती बोटाखालचे शब्द पुन्हा वाचते.

"माझ्या बापानं नाव ठिवलं होतं की माझं! आख्ख्या मिरजंत दुकानाच्या पाटीवर, बँडवाल्याच्या गाडीवर, दवाखान्यावर, सगळीकडं खाली लिवून ठिवलंय. आन् ह्यास्नी सापडंना?"

"त्या डिझायनरनं कापलं, चाचा. मी संयोजकांना सांगितलं."

"सांगितलंस, का इचारलंस?"

"सांगितलं."

"मग त्यो काय म्हनला?"

"त्यात गंमत आहे म्हणाला."

चाचांचा चेहरा लाल होतो. "उन्हात पाच दिस शिडीवर हुतो मी. पायाला फोड आलं. कसली गंमत?"

आता ते दोघं चाचांच्या शेडमध्ये आहेत. पत्रा तापलाय. रंगाच्या डब्यांमध्ये प्रदर्शनाचा गुळगुळीत कॅटलॉग पडलाय. चाचा तो उचलतात, थुंकी लावून पानं उलटतात आणि एका पानावर थांबतात. तिथं वैजयंतीचा फोटो आहे.

"ह्यात तुझी माहिती हाय. वाच बरं."

ती वाचते. मुंबईचं कलाविद्यालय, दोन शिष्यवृत्त्या, परदेशातली प्रदर्शनं.

"अक्षर कुठं शिकलीस?"

"तुमच्याकडं."

"लिवलंय?"

"नाही."

"किती वरसं आलीस माझ्याकडं?"

"तीन."

"तीन वरसं," चाचा म्हणतात. आवाज चढत नाही, आणि तेच तिला सोसत नाही. "त्या गोऱ्याला माझं नाव ठाऊक न्हवतं, पोरी. तुला ठाऊक हुतं."

तिला खूप काही सांगायचंय. माहिती शंभरच शब्दांत मागितली होती, शेडमध्ये शिकले असं कोण लिहितं, सगळेच असं करतात. एकही वाक्य तोंडातून बाहेर पडण्याच्या लायकीचं वाटत नाही.

"चुकलं माझं," ती म्हणते.

"रडू नगंस. हात हाय का मोकळा?" चाचा गेरू चोळलेल्या दोऱ्याचं टोक तिच्या हातात देतात. शेडची भिंत पांढरी, कोरी झाली आहे. "बोटाला गुंडाळ. घट्ट धर. रेघ सरळ आली पायजे."

ती धरते. चाचा दुसरं टोक घेऊन लांब जातात, इतके लांब की चेहरा दिसेनासा होतो. दोरा ताणला जातो, बोटात रुततो. मग ते दोरा मधोमध चिमटीत धरून ओढतात आणि सोडतात.

सट्!

दारावर थाप पडतेय. "मॅडम, पाहुणे बसलेत. यायचं का?"

वैजयंती जागी होते. मांडीवरच्या मानपत्रात 'अनाम कलाकार' हे शब्द खोडते आणि वर लिहिते, 'दस्तगीर बागवान, मिरज. माझे गुरू.' ती दार उघडते.

दारातले परचुरे तिच्या हातातल्या कागदावर नजर टाकतात आणि त्यांचं हसू मावळतं. "हे आपलं ठरलं नव्हतं. परीक्षकपदाचं मग मला बघावं लागेल."

"बघा. मी हेच वाचणार आहे. आणि पाटी तुम्ही बदलली नाहीत, तर मी बदलीन."

ते कागद परत घ्यायला हात पुढे करतात आणि थबकतात. "मॅडम, बोटाला काय लागलंय तुमच्या?"

ती बघते. तर्जनीच्या पेराभोवती तांबडी रेघ आहे, दोरा गुंडाळून आताच सोडवल्यासारखी. अंगठ्यानं चोळली तर ती पुसत नाही, अंगठाही तांबडा होतो.

"गेरू," ती म्हणते, आणि माइककडे चालू लागते.