आपणच आपल्याला घातलेला नियम

परवा नलूमावशीला रेकी, म्हणजे हाताच्या स्पर्शाने उपचार, देणाऱ्यांच्या बैठकीला सोडायला गेले आणि दारातच खिळून राहिले. दहा-बारा माणसं सतरंजीवर बसून स्वतःसाठी नियम लिहीत होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी तपासायलाही येणार नव्हतं.

"नियम कशाला? आपण काय कुणाला फसवतो?" सगळ्यांत ज्येष्ठ असलेले वसंतकाका वैतागले.

मावशी उभी राहिली. "माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी बरं वाटतंय म्हणून इन्सुलिन बंद केलं. मला ते ठाऊक होतं, तरी मी गप्प बसले. त्या मरता मरता वाचल्या."

हे तिने घरीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. ऐकून मला तिचा अभिमानच वाटला! कायद्याच्या धाकाने माणसं सरळ वागतात, ते आपण रोज पाहतो. पण धाक नसताना, चारचौघांत आपली चूक उघडी करून माणूस स्वतःला बांधून घेतो, ते पाहताना अंगावर काटाच येतो.

"लिहा," काका हळूच म्हणाले. "डॉक्टरांचं औषध बंद करा, असं सांगायचं नाही."

"तेवढं पुरत नाही," मावशी म्हणाली. "बंद करू नका, असं आपणहून सांगायचं."

काकांनी मान डोलावली, पहिली सही केली आणि तिथूनच आपल्याकडे रेकीला येणाऱ्या एका बाईंना फोन लावला.

"शांताबाई, वसंत बोलतोय. बीपीची गोळी चालू आहे ना तुमची?... बंद केलीत? नाही, आज घ्या. आत्ताच घ्या. मी फोन धरून थांबतो."