घामातली गोळी

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग साध्या कपड्यांत काम करणाऱ्या टीममध्ये होती. शर्टाखाली, कमरेला छोटं पिस्तूल लावून आम्ही बाजारात, बस स्टँडवर फिरायचो. लिहिण्याची मला सवय नाही. आई-बापाच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, तोही रिटायर झाल्यावर, बायकोच्या संशोधनामुळे जपानला, क्योतोला आलो म्हणून. त्यामुळे घडलं तसं सांगतो.

त्या उन्हाळ्यात पिस्तुलासाठी नवं काडतूस ट्रायलला आलं. झटका कमी, आणि गर्दीत माणसाच्या आरपार जाऊन मागच्याला लागू नये अशी गोळी. फायरिंगला मी आणि नाईक गोविंद गावडे होतो. गावडे चंदगडकडचा, माझा जोडीदार. रोज सकाळी रेंजवर सीलबंद डबे उघडायचे. आत कोरडे, चकचकीत राउंड, म्हणजे काडतुसं. निशाणा चांगला, पिस्तूल एकदाही अडकलं नाही.

गावडे डब्यात डोकावून म्हणाला, "माझी बायको पापडबी एवढं जपून ठेवत न्हाई."

मग तो ट्रायल घेणाऱ्या मेजर साहेबांपुढे सावधान उभा राहिला. "साब, राउंड आमच्या कमरेला घामात राहणार. महिनाभर अंगावर वागवून मग फायर करू या."

साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "गावडे, ट्रायलच्या डायरेक्टिव्हमध्ये तसं नाही. रिपोर्ट या आठवड्यात जायचाय."

"जी साब."

रिपोर्ट गेला. काडतूस पास झालं आणि आम्हाला मिळालं.

पुढच्या वर्षीची, पावसाळ्याआधीची उकाड्याची दुपार होती. गावडे बाजारात एका हत्यारबंद माणसाच्या मागावर होता. मी गल्लीच्या तोंडाशी गाडीत, रेडिओ सेटवर. सेटवर मी वन, तो टू.

"टू फॉर वन. तो वळला. मला बघितलंय. ओव्हर."

"वन फॉर टू. बॅकअप येतोय. ओव्हर."

मी सेट घेऊन धावलो. समोर दिसत होतं. पिस्तूल आधी गावडेचं निघालं. ट्रिगर दाबला. बार उडाला नाही. त्याने स्लाइड मागे खेचली, अडकलेला राउंड बाहेर फेकला, पुन्हा नेम धरला. तेवढा वेळ समोरच्याला पुरला. मी पोचेपर्यंत तो माणूस गर्दीत शिरला होता.

"वन फॉर ऑल स्टेशन्स. गावडे डाऊन. अँब्युलन्स पाठवा. ओव्हर."

अँब्युलन्स येण्याआधीच गावडे गेला. त्याने फेकलेला राउंड त्याच्या पायाशी पडला होता. बुडाशी, जिथे पिन आदळते, तिथे आदळल्याची खूण होती आणि भोवती घामाने धरलेला हिरवट गंज. मी तो चौकशीत दाखवला. पाहिलेलं सगळं सांगितलं. निष्कर्ष आला: शस्त्र हाताळण्यात विलंब. काडतूस चालूच राहिलं.

मी त्याच्या गावी गेलो तेव्हा गावडेचे वडील मला दारातच म्हणाले, "माझा पोरगा हळू हुता व्हय?"

"नाही, काका."

"मग तुमच्या सायबांनी तसं का सांगितलं आमास्नी?"

 

इथे कॉलेजच्या लॅबमध्ये या सत्रात आम्हाला सायकलची घंटी तपासायला दिली. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या सरांनी, ती आधी मीठपाण्याच्या धुक्याच्या पेटीत ठेवायला सांगितली. मी मोडक्या जपानीत विचारलं, "घंटी नवी आहे. तशीच वाजवून बघितली तर?"

शेजारचा मोरी-सान हसला. माझ्या निम्म्या वयाचा आहे. सेन्सेई हसले नाहीत. म्हणाले, "नवी तर सगळ्यांचीच वाजते. गिऱ्हाईक पावसातून जाणार आहे."

मी घंटी पेटीत ठेवली आणि झाकण धरून उभा राहिलो. मोरी-सानने विचारलं, "बरं आहे ना?" मी मान हलवली.

काही दिवसांनी पेटीतून काढलेली माझी घंटी नीट वाजली नाही. सेन्सेईंनी शांतपणे तिला नापास केलं. आता ती बनवणाऱ्याकडे परत जाईल. ते ती सुधारतील. कोणी मेलेलं नाही.

एका सायकलच्या घंटीसाठी एवढं करतात.

नाईक गोविंद गावडे. त्याने वेळेवर सांगितलं होतं. आणि त्या दुपारी त्याचा हात हळू नव्हता. मी पाहिलं आहे.