ब्रीदरच्या डब्यातलं ऑइल

सासरे गेल्यावर त्यांची डिझेल गाडी मी चालवायला लागले. माझी शाळा नेरडीगोंड्याला, घर आदिलाबादला. नवरा बेल्लमपल्लीला कोळसा खाणीच्या ऑफिसात, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचा आणि रविवारी जमलं तर यायचा. त्यामुळे घरात मी आणि सासूबाई दोघीच.

सासूबाई तेव्हा जवळजवळ बोलतच नव्हत्या. विचारलं तर हो-नाही, तेवढंच. कुठं जायचं असलं तर गाडीत मागच्या सीटवर बसायच्या, अगदी दाराला टेकून. माझ्या गाडी चालवण्याची त्यांना भीती वाटत असावी, अशी मी समजूत करून घेतली होती.

एकदा बॉनेट उघडलं, तर टर्बोकडून, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडून, निघणाऱ्या रबरी पाइपाच्या सांध्यावर ऑइल पाझरलेलं दिसलं. नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, जुनी झाली आता, विकून टाकू. सासूबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. मी दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात नेली.

मेकॅनिक तेलुगू माणूस, माझ्याशी हिंदीत बोलायचा. त्याने मला शांतपणे समजावलं. इंजिनाच्या पोटात जो गॅस साठतो, तो ब्रीदरच्या पाइपातून बाहेर पडतो आणि टर्बोच्या तोंडाशी आत जाणाऱ्या हवेत परत सोडला जातो. त्या गॅसबरोबर ऑइलचे बारीक थेंबही जातात. तेच पुढे पाइपांत आणि हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये बसतात. टर्बो अजून चांगला आहे, घाबरू नका, असं तो म्हणाला. मग त्याने ब्रीदरच्या वाटेत एक छोटा डबा बसवला. आत जाळी, खाली तोटी. गॅस जाळीतून पुढे जाणार, ऑइल डब्यात राहणार. तो डबा वरचेवर रिकामा करायचा, भरू द्यायचा नाही, एवढंच पथ्य.

पहिल्या रविवारी मी तोटीखाली बाटली धरून बसले होते, तर सासूबाई अंगणात आल्या. वाकून बघितलं आणि बाटली माझ्या हातातून घेतली. तेव्हापासून ते काम त्यांचंच झालं. सकाळी इंजिन थंड असताना त्या जुनं लुगडं गुंडाळून बसायच्या आणि तोटी हळूच फिरवायच्या. थंडीच्या दिवसांत ऑइलबरोबर पाणीही यायचं, सगळं ताकासारखं पांढुरकं. ते बघून त्या घाबरल्या. थंडीत असंच होतं, पाणी धरतं, हे मेकॅनिककडून कळल्यावरच त्यांना बरं वाटलं. फाटकाच्या बिजागऱ्यांना ते ऑइल लावायचा त्यांचा बेत मात्र त्याने मोडला. बाटली भरली की त्या मला ती गॅरेजात द्यायला लावायच्या. नालीत ओतू द्यायच्या नाहीत.

त्या हिवाळ्यात नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून आम्हीच बेल्लमपल्लीला निघालो. गुडीहत्नूरला हायवे सोडला. पुढे घाट सुरू झाला. चढावर मागून आवाज आला, "पोरी, थांब. ऑइलचा वास येऊन राह्यला."

मला काहीच वास येत नव्हता. तरी गाडी बाजूला घेतली. मी बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची दांडी तिच्या नळीतून वर आली होती आणि आजूबाजूला ऑइल उडालं होतं. मेकॅनिकला फोन लावला. त्याने डब्यापासून टर्बोकडे जाणारा पाइप चाचपायला सांगितला. तो गरमीने मऊ होऊन मधेच चपटा झाला होता. गॅसला वाटच उरली नव्हती, म्हणून आतल्या दाबाने दांडी वर ढकलली होती. तो म्हणाला, इंजिन थंड होऊ द्या, तो पाइप डब्यापासून काढा, त्याचं तोंड दुमडून घट्ट बांधा म्हणजे टर्बो धूळ ओढणार नाही, डबा उघडाच ठेवा आणि हळूहळू जा.

आम्ही रस्त्याकडेला दगडावर बसलो. सागाची पानं पडत होती. मी म्हटलं, आई, तुम्ही सांगितलं नसतं तर इंजिनच गेलं असतं. त्यावर त्यांनी गाडीच्या मागच्या दाराकडे बघितलं.

"दवाखान्यात नेलं तवा त्यांचं डोकं माह्या मांडीवर होतं," त्या म्हणाल्या. "तिथंच, मागं. काच खाली कर म्हणत होते. मी केली नाही, वारं लागंल म्हणून."

 मी त्यांचा हात हातात घेतला, तर त्यांनी तो सोडवला नाही. मग त्या सांगत गेल्या. मामंजींना गाडी मागे घेणं कधी जमलं नाही. दर वेळी सासूबाई उतरायच्या, मागे उभ्या राहून डिकीवर थाप मारत वाट दाखवायच्या. एकदा कापसाच्या शेतात चाक गेलं, तर शेतकऱ्याने रागवायचं सोडून दोघांना चहा पाजला. हे सांगताना त्या हसल्या आणि डोळेही पुसले.

इंजिन थंड झाल्यावर पाइप मी काढला. बांधायला काहीच नव्हतं. सासूबाईंनी जेवणाच्या डब्याच्या पिशवीची नाडी ओढून काढली, पाइपाचं तोंड दुमडलं आणि अशी करकचून गाठ मारली, की पुढे ती कापावी लागली. मी दांडी पुसून ऑइल बघितलं. पातळी खालच्या खुणेच्या वर होती, म्हणजे पुरेसं होतं. बॉनेट लावून वळले, तर त्या पुढच्या सीटवर बसून पट्टा शोधत होत्या. मी तो लावून दिला. त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली.

बेल्लमपल्लीला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. नवरा क्वार्टरच्या दारात उभा होता. आमचे काळे हात बघून तो घाबरला आणि विचारायला लागला. सासूबाईंनी आधी साबण मागितला. नळाखाली हात चोळता चोळता त्या त्याला घाटातलं सगळं सांगू लागल्या, पहिल्यापासून, पाइप कुठून कुठं जातो तेही. तो टॉवेल हातात धरून ऐकत राहिला. मध्ये एकदा त्याने माझ्याकडे बघितलं, पण आईचं बोलणं तोडलं नाही.