आत्याचे डोळे

आमच्या वडिलांच्या डोळ्यांवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, कातडीची एक घडी होती. ती भावाला आली नाही. मला आली आणि माझ्यामागं थेट भाचीला. सणसरच्या शाळेत पोरं मला ‘चिनी’ म्हणायची, तिलाही तेच म्हणायची. मी चिडवणाऱ्याच्या पाठीत धपाटा घालायचे, ती रडत घरी यायची.

लग्नाची झाली तशी स्थळं माघारी फिरायला लागली. ‘मुलगी शिकलेली आहे, फक्त नाकीडोळी...’ असं म्हणून मध्यस्थ थांबायचा. मेल्याला पुढचं बोलायची हिंमत नव्हती.

मग एक दिवस पोरीनं मोबाईलमध्येच डॉक्टर शोधला, पुण्यातला. कोपऱ्यावर बारीक छेद द्यायचा, घडी सोडवायची, टाके घालायचे. मी म्हणाले, “अगं, डोळ्यांनी नीट दिसतंय ना? मग कशाला सुरी लावून घेतेस?”

“मला दिसतंय गं आत्या. लोकास्नी बगवत न्हाय.”

टाके निघाले, लाली ओसरली. डोळे देखणे झाले, खोटं कशाला बोलू? पण तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

डाळजचं स्थळ लगेच पसंत पडलं. तिकडं ऑपरेशनचं अवाक्षर काढायचं नाही असं घरात ठरलं. जुने फोटो ट्रंकेच्या तळाशी गेले. राहिले मी! वहिनी घुटमळत माझ्याकडं आली. “वन्सं, लग्नात काळा चष्मा लावा. मोतीबिंदूचं आप्रेशन झालंय म्हणून सांगा.”

डोकं असं सणकलं माझं! “कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही,” मी म्हणाले.

“लग्नाच्या घरात असलं अभद्र बोलू नका.”

लावला चष्मा. भर मांडवात, अक्षता टाकताना, जेवतानासुद्धा. विहीणबाई मायेनं विचारत होत्या, “दिसतंय न्हवं आता?” आणि मी मुंडी हलवत होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून भाची सणसरला आली. बारामतीच्या दवाखान्यात मुलगी झाली. दुपटं बाजूला करून मी बघितलं. घडी होती. दोन्ही डोळ्यांवर. वहिनीनं माझ्या हातातून बाळ काढून घेतलं.

घरी आल्यावर न्हाऊ घालणाऱ्या बाईला वहिनी रोज सांगायची, “नाक वर वडा, जोरात वडा. कोपरं उघडत्याल.” बाळाचं नाक चिमटीत धरून ओढायची आमच्याकडं रीतच आहे. पण त्या पोरीचं ओरडणं मला शेजारच्या खोलीत बसून ऐकवत नव्हतं.

डाळजची माणसं बाळ बघायला आली तेव्हा मी चष्मा लावून कोपऱ्यात बसले होते. विहीणबाईंनी बाळ उचललं, दारातल्या उजेडात नेलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“आमच्यात आसलं डोळं न्हाईत. तुमच्यातबी दिसत न्हाईत. मग कुनाचं म्हनायचं हे?”

भाऊ जमिनीकडं बघत बसला. जावयानं बायकोच्या तोंडाकडं एकटक बघितलं आणि तो उठून अंगणात गेला. काय विचारलं गेलंय ते सगळ्यांना कळलं होतं. वहिनी मला डोळ्यांनी खुणावत होती, गप्प बसा म्हणून.

चुलीत गेला तो चष्मा! मी काढून फेकला.

“माझे आहेत,” मी म्हणाले. “नीट बघा विहीणबाई. तुमच्या सुनेचेही असेच होते. ऑपरेशन करून घेतलंय तिनं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बाळाकडं, मग सुनेकडं. लेकाला आत बोलावलं. आता आकाश कोसळणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. तर त्या हसल्या.

“येवढंच व्हय! मला वाटलं...” काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. बाळ सुनेच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, “मग हिचंबी करून घिऊ. शाळंत जायच्या आदीच. पोरीची जात हाय.”

भाची आता तरी काही बोलेल म्हणून मी तिच्याकडं बघत राहिले. तिनं तेलाची वाटी जवळ ओढली, बोटं बुडवली आणि बाळाचं नाक चिमटीत धरलं. बाळ कळवळून मान फिरवायला लागलं.

“आत्या,” ती म्हणाली, “जरा हिचं डोकं धर.”